खुर्ची नसलेला कारभारी

माणसांकडून काम करून घेणे ही जगातली फार अवघड विद्या आहे, असे माझे मत आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या कचेऱ्यांत मी तीस-बत्तीस वर्षे काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, अधीक्षक होऊन निवृत्त झालो. एवढ्या काळात अनेक साहेब आले आणि बदलून गेले. काही कडक, काही मऊ. काही हुशार, काही नुसतेच सज्जन. एखाद्याच्या हाताखाली काम आपोआप पुढे सरके, तर एखाद्याच्या हाताखाली फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जायला महिना लागे. अधिकार तर सगळ्यांना सारखेच होते. तीच खुर्ची, तोच शिक्का, वर्षाअखेरीला लिहायचा तोच गोपनीय अहवाल. मग फरक कुठे पडत होता?

हा प्रश्न उलट बाजूने विचारून पाहावा, असे मला निवृत्तीनंतर वाटू लागले. साहेबाची खुर्ची काढून घ्या. शिपाई, गाडी, हजेरीपट काढून घ्या. पगार कापण्याचा, बदली करण्याचा, मेमो देण्याचा अधिकार काढून घ्या. एवढे सगळे काढल्यावर जो माणूस उरेल, त्याच्या शब्दावर चार माणसे कामाला लागतील काय? लागली, तर त्या माणसापाशी नेतृत्व आहे. नाही लागली, तर आजवर जे चालत होते ते खुर्चीचे वजन होते.

ही परीक्षा पुरेपूर दिलेला एक माणूस आमच्याच वऱ्हाडात होऊन गेला. त्याच्यापाशी खुर्ची सोडा, धड सदराही नव्हता. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे. लिहिता-वाचता येत नव्हते. कुणाला पगार देण्याची ऐपत नव्हती आणि कुणाला मोक्षाचे आमिष दाखवण्याची इच्छा नव्हती. तरीही या माणसाने नदीला घाट बांधले, पंढरपूरपासून मुंबईपर्यंत धर्मशाळा उभ्या केल्या, सदावर्ते चालवली, शाळांना आणि वसतिगृहांना हातभार लावला. गाडगेबाबांना आपण संत म्हणून ओळखतो. त्यांच्या फोटोला हार घालतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. मला मात्र ते वऱ्हाडातले सर्वांत मोठे कारभारी वाटतात, आणि आज त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहायचे आहे.

देबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. जात परीट. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले आणि आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला आली. देबूजी मामाच्या घरी वाढला. आधी गुरे राखली, मग नांगर धरला. त्या काळच्या गरिबाच्या पोराला तिसरी वाट नव्हती. पण नांगर धरला तो असा, की मामाच्या शेताचा रंग पालटला. कामात तरबेज म्हणून पंचक्रोशीत त्याचे नाव झाले. जे काम हाती येईल ते जीव लावून करायचे, ही सवय त्याला शेतात लागली. पुढची सगळी उभारणी या सवयीवर झाली.

दापुऱ्यातल्या दिवसांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मामा चंद्रभान सावकाराच्या कर्जात अडकला होता. वाचता येत नव्हते, तेव्हा कागदावर काय लिहिले आहे ते सावकार सांगेल तेच खरे! कष्टाने फुलवलेली जमीन अखेर सावकाराच्या कागदांनी गिळली आणि त्या धक्क्याने मामा गेला. तरणाबांड देबूजी सावकाराच्या माणसांसमोर शेतात उभा ठाकला. ही कथा सांगताना आपण त्याच्या धाडसावर भर देतो. पण या प्रसंगातून त्याला मिळालेले शहाणपण याहून मोठे होते. हिशेब न कळणाऱ्या माणसाला लुबाडणे किती सोपे असते, हे त्याने घरातल्या घरात पाहिले. पुढे लोकांच्या लाखो रुपयांच्या देणग्या त्याच्या शब्दाखातर जमल्या, तेव्हा निरक्षर असूनही पैशाच्या बाबतीत तो इतका काटेकोर का राहिला, याचे मूळ मला दापुऱ्याच्या त्या वावरात दिसते.

लग्न झाले, कुंताबाई घरात आल्या. पहिली मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू घालायची, ही रीत होती. कर्ज काढून रीत पाळायची आणि मग आयुष्यभर कर्ज फेडायचे, हीसुद्धा रीतच होती. देबूजीने गोडाधोडाचे साधे जेवण घातले. जातभाई नाराज झाले, कुरबूर झाली. पण त्याने माघार घेतली नाही. सुधारणेचे व्याख्यान देण्याआधी त्याने आपल्याच घरच्या पंगतीत वाढप बदलले. कचेरीत वेळेवर येण्याचे परिपत्रक काढणारे आणि स्वतः साडेअकराला उगवणारे अधिकारी आपण पाहिले आहेत. त्या परिपत्रकाचे पुढे काय होते, तेही आपल्याला ठाऊक आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजीने घर सोडले. पुढची बारा वर्षे तो गावोगाव भटकला. या भटकंतीत त्याचा एक नेम होता. कुणाच्या दारात फुकटची भाकर मागायची नाही. आधी अंगण झाडायचे, लाकडे फोडायची, रस्त्यातला खड्डा बुजवायचा, काट्या उचलायच्या. मग मिळेल ती चटणी-भाकर गाडग्यात घ्यायची आणि गावाबाहेर बसून खायची. लोक त्याला वेडा समजत. पण आधी काम आणि मग भाकर, हा क्रम त्याने कधी उलटा केला नाही. पुढे हजारो माणसे त्याच्या शब्दावर राबली, कारण आपल्याला काम सांगणारा माणूस आपल्याआधी राबून बसला आहे, हे त्यांना दिसत होते.

त्यांची गावात शिरण्याची पद्धत पाहा. बाबा एखाद्या गावात येत ते पुढाऱ्यासारखे वाजतगाजत नाही. आल्या आल्या खराटा घेऊन रस्ता झाडायला लागत. लोक गंमत पाहत उभे राहत. थोड्या वेळाने एखाद्याला लाज वाटे, तो खराटा हातात घेई. मग दुसरा, मग दहावा. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख होई आणि रात्री त्याच स्वच्छ जागेवर कीर्तन उभे राही.

यात जादू काही नव्हती. पण माणसाच्या स्वभावाची पक्की पारख होती. एक तर काम असे निवडलेले, की ते कुणालाही जमेल. त्यासाठी शिक्षण नको, पैसा नको. दुसरे म्हणजे ते एका दिवसात पुरे होई आणि आपण काय केले हे करणाऱ्याला संध्याकाळी डोळ्यांनी दिसे. तिसरे असे, की हलके समजले जाणारे काम सर्वांत मोठा माणूस करतो आहे म्हटल्यावर ते हलके राहत नसे. झाडूला चिकटलेली जात बाबांनी अशी हातोहात झटकून टाकली. ज्या काळात काम आणि जात एकमेकांना जखडलेली होती, त्या काळात पाटील-देशमुखांच्या हातात खराटा देणे ही साधी गोष्ट नव्हती.

माझ्या नोकरीतला एक अनुभव इथे सांगतो. एका कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये वर्षानुवर्षांचे गठ्ठे पडले होते. वाळवी लागलेली, उंदरांनी कुरतडलेली. एका साहेबांनी सफाईसाठी तीन परिपत्रके काढली. तिन्ही परिपत्रके यथावकाश त्याच खोलीत जाऊन पडली! त्यांच्या जागी दुसरे आले. पहिल्याच शनिवारी ते सदऱ्याच्या बाह्या सरसावून खोलीत शिरले आणि गठ्ठे बाहेर काढू लागले. कुणाला हाक मारली नाही. अर्ध्या तासात बडे बाबूंपासून चपराशापर्यंत सगळे आत होते. तीन शनिवारांत खोली लागली. हे साहेब गाडगेबाबांचे भक्त होते की नाही, मला माहीत नाही. पण रीत तीच होती.

बाबांच्या मोठ्या कामांची सुरुवात ऋणमोचनला झाली. अमरावती जिल्ह्यातले पूर्णा नदीच्या काठचे हे गाव. मुद्गलेश्वराचे देऊळ आहे आणि पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. कपाशीच्या काळ्या मातीचा आमचा मुलूख. नदीकाठच्या चिखलात पाय किती खोल रुततो, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. यात्रेकरू घसरत, म्हातारी माणसे पडत. वर्षानुवर्षे हे सगळ्यांनी पाहिले होते. देबूजीने पाहिले आणि तो हात देऊन लोकांना वर काढू लागला, माती खणून पायऱ्या करू लागला. पुढे लोकांच्या देणग्या आणि लोकांचेच श्रम यांतून १९०८ च्या सुमारास तिथे पक्का घाट उभा राहिला.

घाट बांधावा, ही कल्पना काही कुणाला सुचली नसेल असे नाही. कल्पना सुचणारे पुष्कळ असतात. पण देबूजी आधी चिखलात उतरला. अडचण नेमकी कुठे आहे, पाय कुठे घसरतो, बाईमाणसाला कुठे आधार लागतो, हे त्याला काठावर उभे राहून कळले नसते. जिथे काम अडते तिथे प्रत्यक्ष जाऊन उभे राहायचे, हा त्यांचा दुसरा धडा. ऋणमोचनच्या घाटापासून पंढरपूरच्या धर्मशाळांपर्यंत हेच दिसते. पंढरपुरात वारीला आलेले अस्पृश्य समाजातले वारकरी वाळवंटात, उघड्यावर पडलेले त्यांनी पाहिले, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा झाली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत खेड्यापाड्यांतले रोगी येतात, त्यांच्या नातेवाइकांना फुटपाथवर झोपावे लागते, हे पाहिले म्हणून जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. रुग्णालयाचा विचार करणारे डॉक्टर होते, सरकार होते. रुग्णाबरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईचा विचार या निरक्षर माणसाने केला.

आता त्यांचे कीर्तन. बाबांच्या कीर्तनाला हजारोंची गर्दी लोटे. मी याला त्यांची सर्वांत मोठी सभा म्हणतो, आणि आजच्या कचेऱ्यांतल्या मीटिंगा घेणाऱ्यांनी तिचा अभ्यास करावा असे मला वाटते. देवकीनंदनाचा गजर झाला की बाबा वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारू लागत. कर्ज काढून सण का करता? नवसाला बोकड का कापता? पोराला शाळेत का घालत नाही? देव एक असताना शिवाशीव कुणासाठी? प्रश्न साधे असत, आणि त्यांची उत्तरे लोकांना द्यावी लागत. हजार माणसांच्या तोंडून एकदा उत्तर बाहेर पडले, की ते बाबांचे मत राहत नसे. ते लोकांचे स्वतःचे मत होई. आपल्याच तोंडाने कबूल केलेली गोष्ट मोडायला माणसाला लाज वाटते. हुकूम मात्र तो पाठ फिरताच विसरतो.

त्यांनी भाषाही बदलली नाही. वऱ्हाडी बोली गावंढळ समजून ती पुण्या-मुंबईत लपवणारे आम्ही लोक! बाबा मुंबईतही त्याच बोलीत बोलले आणि तिथल्या गिरणी कामगारापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांनी ऐकले. हाताखालच्या शेवटच्या माणसाला कळेल अशा भाषेत बोलणे हे अर्धे काम असते. कचेरीत येणारे अर्धे हुकूम कुणालाच कळत नाहीत, आणि म्हणून त्यांचे पालन होत नाही, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

पैशाच्या व्यवहाराबद्दल आधी उल्लेख आला आहे. बाबांच्या शब्दावर धनिकांनी थैल्या मोकळ्या केल्या. पण त्यांनी त्यातला पैसा स्वतःवर खर्च केला नाही. संस्थेच्या सदावर्तात शेकडो पंगती उठत, आणि हा माणूस मात्र बाहेर मागून आणलेली शिळी भाकर गाडग्यात घेऊन खाई. धर्मशाळा त्यांनी बांधल्या, पण आपल्या बायका-मुलांचे बस्तान त्यांनी त्या इमारतींत बसवले नाही. घरची माणसे झोपडीत राहिली. संस्थांवर आपल्या नातलगांचा कुठलाही हक्क राहणार नाही, याची त्यांनी व्यवस्था केली. आपल्या भागातल्या संस्थांचा कारभार पाहणाऱ्याला या एका गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको. बापाने उभी केलेली संस्था पोराच्या सातबाऱ्यावर चढल्यासारखी चालते, हे आपण नित्य पाहतो.

पण इथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. या सगळ्याची किंमत एकट्या बाबांनी मोजली नाही. कुंताबाईंनी मोजली, मुलींनी मोजली. नवऱ्याच्या नावाचा सगळीकडे गजर चालू असताना ती बाई दारिद्र्यातच राहिली. मुलगा गोविंद तरुण वयात गेला, ती बातमी बाबांना कीर्तनात कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे चरित्रकार आदराने सांगतात. मला हा प्रसंग वाचताना आदराबरोबर अस्वस्थपणाही वाटतो. समोर बसलेल्या हजारांना वाऱ्यावर सोडायचे नाही, हा कर्तव्याचा कळस खराच. पण त्या रात्री झोपडीत बसलेल्या आईजवळ कोण होते? मोठ्या माणसाच्या मोठेपणाचा हिशेब मांडताना हा आकडा खर्चाच्या बाजूला लिहिला पाहिजे. खुद्द बाबांनाच काटेकोर हिशेब आवडत असे, तेव्हा त्यांनी यावर राग धरला नसता, असे मला वाटते.

म्हणून बाबांची सगळीच रीत जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. नोकरदार माणसाला घर असते, आणि घरी वेळेवर जाणे हेही त्याचे कर्तव्य असते. हाताखालच्या माणसांनी आपल्यासारखेच सर्वस्व द्यावे, अशी अपेक्षा धरणारा साहेब त्यांना पिळून काढतो. बाबांनी स्वतःवर जेवढी सक्ती केली, तेवढी गावकऱ्यांवर केली नाही. गावकऱ्याकडून त्यांनी एक दिवस मागितला, एक खराटा मागितला, एक व्यसन सोडायला सांगितले. हा तोल फार थोड्यांना साधतो.

सगळ्यांत अवघड परीक्षा मात्र वेगळीच असते. उभे केलेले काम दुसऱ्याच्या हाती देणे! ज्याने ते आपल्या घामाने उभे केले, त्याला ते सोडवत नाही. निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या खणाची किल्ली देताना हात थरथरलेली माणसे मी पाहिली आहेत. बाबा जे बांधत ते विश्वस्तांच्या, कार्यकर्त्यांच्या स्वाधीन करत आणि पुढच्या गावाला निघत. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हे त्यांनी वारंवार बजावले. पाया पडणाऱ्यांच्या मागे ते काठी घेऊन धावत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबद्दल त्यांना नितांत आदर होता. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा देऊन टाकली. वारकऱ्याच्या निवाऱ्यापेक्षा त्याच्या मुलाच्या शाळेची गरज आता मोठी आहे, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही त्यांचा असाच जिव्हाळा. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव आहे. जो स्वतः एक इयत्ता शिकला नाही, त्याच्या नावाने महाविद्यालय!

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या कामांना एक चौकट मिळाली. तेव्हा बाबांचे वय शहात्तरीला आले होते. आपण गेल्यावर काय, हा प्रश्न त्यांनी जिवंतपणीच सोडवून ठेवला.

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात आजकाल रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांचे नाव घेतात. एका बलाढ्य टेलिफोन कंपनीत जवळजवळ चार दशके नोकरी करून त्यांनी १९७० साली एक निबंध लिहिला. जो आधी सेवक असतो तोच खरा पुढारी होऊ शकतो, असे त्याचे सार. ही कल्पना त्यांना हर्मन हेसे या जर्मन लेखकाच्या एका कादंबरीवरून सुचली. तिच्यात प्रवाशांच्या एका मंडळीबरोबर एक नोकर असतो. तो नाहीसा होतो आणि मंडळी विस्कटून जाते. तेव्हा कळते, की खरा आधार तोच होता. गोष्ट सुरेख आहे. पण गाडगेबाबांचे चरित्र या गोष्टीच्या एक पाऊल पुढे जाते. हा सेवक गेला आणि मंडळी विस्कटली नाही.

डिसेंबर १९५६ हा महाराष्ट्राला फार जड गेलेला महिना. ६ तारखेला बाबासाहेब गेले. गाडगेबाबांची प्रकृती आधीच ढासळली होती. त्यांना अमरावतीला नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबरच्या रात्री त्यांचा प्राण गेला. ज्याने आयुष्यभर कुठल्याच छपराला आपले म्हटले नाही, तो शेवटीही रस्त्यातच गेला. त्या पुलावरून मी कामानिमित्त कितीतरी वेळा गेलो असेन. एस.टी.च्या खिडकीतून पाहिले तर तो कुठल्याही पुलासारखा पूल. पण प्रत्येक वेळी नजर खाली नदीकडे वळल्याशिवाय राहिली नाही.

आपली मूर्ती, समाधी, मंदिर करू नका, असे त्यांनी सांगून ठेवले होते. अमरावतीत त्यांची समाधी झाली, मंदिर झाले, भोवतीच्या वस्तीला गाडगेनगर हे नाव पडले. लोकांच्या प्रेमापुढे बाबांचे हे एक सांगणे टिकले नाही. २००० साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हा गौरव रास्तच आहे. मात्र स्वच्छतेच्या मोहिमेत आधी जागा झाडून घ्यायची, तिच्यावर चार पाने टाकायची आणि मग साहेबांच्या हाती कोरा झाडू देऊन फोटो काढायचा, हा प्रकारही याच काळात रूढ झाला. बाबांचा खराटा झिजलेला असे. फोटोतल्या झाडूची मूठसुद्धा मळलेली नसते. हाताखालच्या माणसांना हा फरक लगेच कळतो. ते तोंडाने काही बोलत नाहीत, पण मनात नोंद करून ठेवतात. आणि त्या नोंदीचा परिणाम वर्षभर कामावर दिसत राहतो.

नेतृत्व शिकवणारी शिबिरे आता अकोल्यात होतात, अमरावतीत होतात. व्हावीत. पण शिबिराला जाण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला दोन-चार प्रश्न विचारावेत, बाबा कीर्तनात विचारत तसे. मी सांगतो ते काम मी स्वतः कधी केले आहे काय? काम जिथे अडते तिथे मी शेवटचा केव्हा गेलो होतो? माझा हिशेब कुणीही केव्हाही पाहिला, तर मला घाम फुटेल काय? आणि मी उद्या या खुर्चीवर नसलो, तर काम चालेल अशी व्यवस्था मी केली आहे काय?

मुंबईत दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. दूरदूरच्या गावांतून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे उतरतात. तिथे पथारी पसरणाऱ्या कित्येकांना बाबांबद्दल नावापलीकडे काही ठाऊक नसेल. बाबांचे त्यावाचून काही अडणार नाही. डोक्यावर छप्पर आहे, ताटात गरम अन्न आहे, कारभार चालू आहे.

उद्या सोमवार. कचेऱ्या उघडतील, हजेरीपटावर सह्या होतील, साहेब आपापल्या खुर्चीवर बसतील. बसण्यापूर्वी एखाद्याने तरी आपल्या विभागातला सर्वांत साचलेला कोपरा कोणता, ते उभ्याउभ्या पाहून यावे.